पीटर लॉलर: बंडखोर, एका हाताचा स्पीकर आणि मधली सगळी भानगड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीकडे राहतो. भारतातून कोणी आलं की एक दिवस समुद्र, एक दिवस पेंग्विन, आणि तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना गाडीत कोंबून बॅलरॅटला, म्हणजे जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावी, लॉलरची गोष्ट दाखवायला नेतो, बायको म्हणते किती वेळा तेच दाखवणार, पण मला तो माणूस काही सोडवत नाही. गाडीत सव्वा तास असतो आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

हा लॉलर नक्की कोण?

आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात आलेला एक तरुण इंजिनिअर, जो सोनं खणायला गेला, तिथे ब्रिटिश सरकारविरुद्ध हत्यार उचलणाऱ्यांचा म्होरक्या झाला, त्यात डावा हात गमावला, डोक्यावर २०० पाउंडांचं इनाम लागलं, आणि वर्ष भरायच्या आत त्याच सरकारच्या सभागृहात आमदार म्हणून जाऊन बसला. पुढे मंत्री झाला, त्याही पुढे विधानसभेचा स्पीकर. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू की काहीही दाखवतात.

लेलर की लॉलर?

आयरिश घराण्याचा उच्चार लॉलर. पण मेलबर्नच्या उत्तरेला त्याच्या नावाचं एक उपनगर आहे, त्याला तिथले लोक सर्रास लेलर म्हणतात. आमचा इथला लोकसभेसारखा जो मतदारसंघ आहे त्याचंही नाव तेच, ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान होत्या तेव्हा इथल्याच खासदार होत्या. वेरिबीत मराठी माणसं पण चिकार आहेत, दर निवडणुकीत त्याच्या नावाच्या मतदारसंघात मत टाकून येतात आणि बऱ्याच जणांना हा कोण ते माहीत नसतं. मलाही पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं, मला वाटायचं एखाद्या गावाचं नाव असेल.

घरची परिस्थिती कशी होती? गरिबीतून आला का?

इथेच सगळे फसतात. आयरिश स्थलांतरित म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बटाट्याचा दुष्काळ, फाटके कपडे, बोटीच्या तळाशी कोंबलेली माणसं. लॉलरचं तसं नव्हतं. जन्म ५ फेब्रुवारी १८२७, गाव टेनाकिल, तेव्हाचा क्वीन्स काउंटी म्हणजे आताचा लीश जिल्हा. वडील पॅट्रिक लॉलर शेकडो एकर जमीन कसणारे मोठे कूळ होते, आणि १८३२ ते १८३५ लंडनच्या पार्लमेंटात खासदार.

वडिलांचा एक किस्सा सांगतो कारण पोरगा असा का निघाला ते त्यात आहे. तेव्हा आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यालासुद्धा प्रोटेस्टंट चर्चच्या पाद्र्यासाठी धर्मकर भरावा लागायचा, म्हणजे देव तुमचा नाही, पुजारी तुमचा नाही, पण दक्षिणा तुम्ही द्यायची. पॅट्रिक लॉलरने जाहीर सांगितलं की मी भरणार नाही. मग त्याच्या मेंढ्या जप्त झाल्या. तर लोकांनी काय करावं, त्या जप्तीच्या मेंढ्या कोणी विकतच घेईना! मारामारी नाही, दगडफेक नाही, नुसता बहिष्कार. पीटर तेव्हा चार-पाच वर्षांचा होता, घरात हीच चर्चा ऐकत मोठा झाला असणार.

मोठा भाऊ जेम्स फिंटन लॉलर तर अजून पुढचा. आयर्लंडची जमीन आयर्लंडच्या लोकांचीच, असं तो लिहायचा, १८४८ च्या क्रांतिकारकांमधलं मोठं नाव, तब्येतीने पहिल्यापासून कमजोर, १८४९ मध्ये गेला. आणखी एक भाऊ रिचर्ड पुढे पार्नेल या आयरिश नेत्याच्या पक्षाचा खासदार झाला. म्हणजे राजकारण घरातच होतं, पीटरने मात्र कार्लो कॉलेजात आणि डब्लिनला शिकून इंजिनिअरिंग धरलं.

मग ऑस्ट्रेलियात का आला?

दुष्काळाने आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, खायचे वांधे नसले तरी तिथे भविष्य काही दिसत नव्हतं. आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं त्या प्रांतात, सोनं सापडलं. त्या वर्षी व्हिक्टोरियाची लोकसंख्या ७७ हजार होती, १८६१ मध्ये ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. दहा वर्षांत सातपट!

पीटर आणि रिचर्ड ऑक्टोबर १८५२ मध्ये मेलबर्नला उतरले. पीटरने आधी मेलबर्न-जिलाँग रेल्वेच्या कामावर नोकरी केली, भावाबरोबर दारू आणि किराणा मालाच्या व्यापारातही पैसे घातले. रिचर्ड परत गेला. पीटर राहिला, आधी ओव्हन्सच्या खाणींवर आणि १८५४ च्या सुरुवातीला बॅलरॅटला. जिलाँगला अ‍ॅलिशिया डन नावाची शाळामास्तरीण होती, तिच्याशी लग्न ठरलेलं. चार पैसे गाठीला बांधायचे आणि संसार थाटायचा, एवढाच प्लॅन होता.

सोनं सापडत होतं तर भांडण कशावरून झालं?

परवान्यावरून. सोनं मिळो न मिळो, खणायचं असेल तर सरकारला पैसे मोजायचे, सुरुवातीला महिना ३० शिलिंग, मग कमी करून महिना एक पाउंड. आता बॅलरॅटचं सोनं वरवर नव्हतं, जुन्या गाडल्या गेलेल्या नदीपात्रात होतं. त्यासाठी शंभर-सव्वाशे फूट खोल खड्डा मारायचा, कडेने लाकडी फळ्यांचा आधार द्यायचा, पाणी उपसत राहायचं, यात सहा-सहा महिने जायचे आणि खाली काही निघेलच याची गॅरंटी शून्य. आपल्याकडे कर्ज काढून बोअर मारतात आणि पाणी लागत नाही ना, तसं, फक्त इथे बोअर मारतानाचा प्रत्येक महिना सरकार भाडं घेतंय.

बरं, पैसे भरले तरी सुटका नाही. परवाना कागदाचा, आणि तो कायम अंगावर पाहिजे. तुम्ही खाली चिखलात कमरेएवढ्या पाण्यात उभे, वरून पोलीस ओरडणार की वर या आणि कागद दाखवा. भिजला, हरवला, तंबूत दुसऱ्या शर्टात राहिला, तरी पकडणार, दंड घेणार, आणि कोठडी भरली असेल तर झाडाला नाहीतर ओंडक्याला साखळीने बांधून ठेवणार. पोलीस दिसले की माणसं "जो! जो!" असं ओरडून एकमेकांना सावध करायची. गव्हर्नरचं नाव चार्ल्स जोसेफ ला ट्रोब, त्यातला तो जो. मला हे फार आवडतं, साहेबाच्या नावाचाच भोंगा केला.

यात १८५४ मध्ये नवा गव्हर्नर आला, चार्ल्स हॉथम, नौदलातला माणूस. तिजोरी रिकामी होती म्हणून त्याने हुकूम काढला की परवान्यांची धरपकड आठवड्यातून दोनदा करा. आणि यातल्या एकाही माणसाला मत द्यायचा अधिकार नव्हता. कर घेता आणि विचारत नाही, हे पॅट्रिक लॉलरच्या मुलाला नवीन नव्हतंच, मेंढ्यांची गोष्ट आठवा.

ठिणगी कुठे पडली?

७ ऑक्टोबर १८५४ च्या पहाटे जेम्स स्कोबी नावाच्या स्कॉटिश खाणकामगाराचा युरेका हॉटेलजवळ खून झाला. संशय हॉटेलमालक बेंटलीवर. बेंटलीची मॅजिस्ट्रेटशी दोस्ती, त्यामुळे तो सुटला. १७ तारखेला निषेधाची सभा झाली आणि नंतर जमावाने हॉटेलच जाळलं. सरकारने मग बेंटलीवर पुन्हा खटला चालवला, त्याला शिक्षाही झाली, पण हॉटेल जाळल्याबद्दल तिघांना पण आत टाकलं.

११ नोव्हेंबरला बेकरी हिलवर बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. तिचा पुढारी हम्फ्री हा वेल्सचा, आपल्या भाषेत मवाळ, अर्ज-विनंत्या करून पदरात पाडून घ्यावं अशा मताचा. प्रत्येक पुरुषाला मत, आमदाराला पगार, निवडणूक लढवायला मालमत्तेची अट नको, या त्यांच्या मागण्या. शिष्टमंडळ हॉथमला भेटलं तर साहेबाला राग कशाचा आला, तर 'मागणी' या शब्दाचा. विनंती म्हणा म्हणे. मग जहाल मंडळींना जोर चढला, त्यात नवल काय.

लॉलर पुढारी कसा झाला? आधी तर तो कुठेच नव्हता.

खरंच नव्हता. २९ नोव्हेंबरला दहा हजारांवर माणसं जमली, निळ्या कापडावर पांढरा सदर्न क्रॉस (इथल्या आकाशातला क्रुसासारखा तारकापुंज) असलेला झेंडा पहिल्यांदा चढला, लोकांनी परवाने जाळले. लॉलरने त्या दिवशी एक साधा ठराव मांडला, एवढंच. दुसऱ्या दिवशी सरकारने मुद्दाम पुन्हा धरपकड केली, बहुतेक दाखवायला की आम्ही घाबरत नाही. लोक चिडून परत बेकरी हिलवर आले, पण नेहमीचे भाषण ठोकणारे गायब. लॉलर एका झाडाच्या बुंध्यावर चढला. बंदूक हातात, वय २७. सगळ्यांना गुडघ्यावर बसवून झेंड्याखाली शपथ दिली, की सदर्न क्रॉसची शपथ, आम्ही एकमेकांना धरून राहू आणि आमच्या हक्कांसाठी, स्वातंत्र्यासाठी लढू. पाचशेच्या आसपास माणसांनी ती घेतली. त्याच काळात अ‍ॅलिशियाला त्याने पत्र लिहिलं, आशय असा की संकटात सोबत्यांना सोडून पळालो तर मी तुझ्या प्रेमाच्या लायकीचा राहणार नाही.

लढाई किती दिवस चालली?

दिवस? साधारण पंधरा मिनिटं!

फळ्या, उलथवलेल्या गाड्या, जे मिळेल ते रचून त्यांनी बॅलरॅटच्या युरेका भागात एक कुंपण उभं केलं होतं, म्हणून या अख्ख्या बंडालाच युरेका म्हणतात, एका जर्मन लोहाराने भाले बनवून दिले. परवलीचा शब्द ठेवला 'व्हिनेगर हिल', १७९८ मध्ये आयरिश बंडखोर जिथे हरले ती टेकडी. हे माझ्या मते चुकलंच. आत इटालियन होते, जर्मन होते, अमेरिकन होते, इंग्रज होते, आणि तुम्ही परवलीचा शब्द आयरिश बंडाचा ठेवताय, ज्यात आपण हरलोय! शनिवारी रात्री बरेच जण तंबूत झोपायला निघून गेले, रविवारी कोण हल्ला करतंय म्हणून. ३ डिसेंबर १८५४, रविवार, उजाडायच्या आधी २७६ सैनिक आणि पोलीस चालून आले. आत दीडशेही नसतील. किमान २२ खाणकामगार मेले, सरकारचे कॅप्टन वाइज धरून पाच-सहा. शरण आलेल्यांना, जखमींना पण भोसकलं, तंबू पेटवले.

आणि हे आपल्या लोकांसाठी: त्या सैन्यात ४० वी रेजिमेंट होती, ती त्याआधी हिंदुस्थानात होती, आणि १८४३ मध्ये महाराजपूरला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी लढली होती. त्यामुळे युरेका म्हणजे आपल्याला अगदीच परकी गोष्ट, असं मला आता वाटत नाही.

हात कसा गेला? आणि पकडला कसा नाही?

डाव्या खांद्याजवळ गोळ्या लागल्या, कोसळला. सोबत्यांनी त्याला फळ्यांच्या ढिगाखाली ढकललं आणि वरून झाकलं. सैनिक तिथूनच ये-जा करत होते आणि फळ्यांखालून रक्त वाहत होतं, तरी कोणाचं लक्ष गेलं नाही. ते गेल्यावर त्याला काढून रानात नेलं, मग फादर स्माइथ नावाच्या पाद्र्याच्या घरी. तिथे डॉक्टरांनी हात खांद्यापासून कापला. सांगतात की एका डॉक्टरचा धीर सुटत होता तेव्हा लॉलरनेच त्याला दटावलं, घाबरू नका, काढून टाका. त्या वेळी मदतीला अ‍ॅनस्टेशिया हेस होती, झेंडा शिवणाऱ्या बायकांमध्येही तिचं नाव घेतात.

मग बैलगाडीसारख्या एका गाडीतून लपवत जिलाँगला, अ‍ॅलिशियाकडे. इनामाचे कागद जागोजागी लावलेले, २०० पाउंड म्हणजे तेव्हा साधी रक्कम नाही, पण कोणी तोंड उघडलं नाही. वडिलांच्या मेंढ्या कोणी घेतल्या नाहीत आणि मुलाला कोणी विकलं नाही. १० जुलै १८५५ ला दोघांचं लग्न झालं.

फाशी वगैरे नाही झाली का कोणाला?

नाही. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला मेलबर्नला चालला, ज्युरीने एकेकाला सोडलं. पहिला सुटला तो जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय माणूस, त्याला लोकांनी खुर्चीत बसवून मिरवलं. शिक्षा झाली फक्त तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकाला, लिहिल्याबद्दल. संपादकाचं नशीब सगळीकडे सारखंच.

मे १८५५ मध्ये लॉलरवरचं इनामही मागे घेतलं. पण त्याआधीच एप्रिलमध्ये त्याने लपलेल्या जागेवरून पेपरात एक लांबलचक पत्र छापून आणलं होतं. त्यात त्याने विचारलंय की आता ज्या सुधारणा करताय त्या रक्त सांडायच्या आधी का नाही केल्या, की ब्रिटिश सरकारला प्रत्येक सुधारणेचा बाप्तिस्मा माणसांच्या रक्तानेच करावा लागतो?

हरले ना शेवटी? मग एवढं कौतुक कशाला?

पंधरा मिनिटांत हरले आणि वर्षभरात जवळजवळ सगळं मिळवलं. मासिक परवाना रद्द, त्याऐवजी वर्षाला एक पाउंडाचं 'मायनर्स राइट', आणि ते असलं की मत देता येतं. नोव्हेंबर १८५५ मध्ये बॅलरॅटमधून लॉलर आणि हम्फ्री दोघेही विधान परिषदेवर गेले, लॉलर तर बिनविरोध. १८५६ मध्ये व्हिक्टोरियात गुप्त मतदान आलं, १८५७ मध्ये विधानसभेसाठी सगळ्या पुरुषांना मत. सगळं श्रेय युरेकाचं नाही हं, बरंच आधीपासून शिजत होतं. पण गॅस मोठा केला तो युरेकाने.

तो पुढे बदलला म्हणतात. गद्दार होता का?

हा प्रश्न गाडीत हटकून येतो आणि सगळ्यात जास्त वाद पण यावरच.

आरोप पहिला. विधानसभेत गेल्यावर त्याने मालमत्तावाल्यांना झुकतं माप देणाऱ्या आणि मतदाराला रहिवासाची अट घालणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला. बॅलरॅटचे खाणकामगार खवळले, आमच्या जिवावर गेलास आणि आमच्याच विरोधात? त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मला वाटतं त्याच्या अख्ख्या आयुष्याची किल्ली आहे. लोकशाहीवादी म्हणजे चार्टिस्ट (तेव्हाच्या ब्रिटनमधले मताधिकारासाठी झगडणारे), कम्युनिस्ट किंवा प्रजासत्ताकवाला असं तुम्हाला म्हणायचं असेल तर मी तो कधीच नव्हतो, नाही आणि होणारही नाही, पण जुलमी पेपरांना, जुलमी जनतेला आणि जुलमी सरकारला विरोध करणारा असं म्हणायचं असेल तर मी होतो, आहे आणि राहीन. जुलमी जनतेला! मतदारांना तोंडावर असं सांगणारा आमदार मी तरी दुसरा बघितला नाही. पुढच्या निवडणुकीत त्याने बॅलरॅट सोडून साउथ ग्रँट हा दुसरा मतदारसंघ गाठला, ते शहाणपणाचंच झालं.

आरोप दुसरा, आणि याचा बचाव मला करता येत नाही. १८७३ मध्ये क्लून्स गावी लोथेअर नावाच्या खाणीत संप झाला, शनिवारी दुपारनंतर काम करणार नाही एवढी साधी मागणी. या कंपनीच्या संचालकांत लॉलर. कंपनीने संप फोडायला चिनी मजूर पोलीस बंदोबस्तात गाड्यांत घालून आणायचं ठरवलं. ९ डिसेंबरला क्लून्सच्या लोकांनी रस्त्यावर अडथळे रचून, बायकांनी दगड मारून त्या गाड्या परत पाठवल्या. रस्त्यात रचलेला अडथळा, समोर पोलीस, आणि पलीकडच्या बाजूला लॉलर, तोही डिसेंबर महिना. सासूने छळलेली सूनच पुढे सासू होते ना, तसलाच प्रकार. यात चिनी मजुरांचं कोणी काही विचारलंच नाही, ना कंपनीने ना संपवाल्यांनी, दगड मात्र त्यांनी खाल्ले.

माझं मत विचाराल तर तो बदलला नाही, लोकांनी त्याला आधीच चुकीचं ओळखलं. तो मोठ्या कुळाचा मुलगा, स्वतःची जमीन, स्वतःचा खड्डा, स्वतःची कमाई आणि त्यात सरकारने नाक खुपसू नये, यासाठी तो लढला. सगळे सारखे व्हावेत म्हणून नाही. इनाम डोक्यावर असतानाच त्याने बॅलरॅटजवळ १६० एकर जमीन घेतली, लोकांनी वर्गणी काढून पैसे दिले होते. मरता मरता वाचलेला माणूस पहिल्यांदा काय घेतो त्यावरून कळतं की त्याच्या मनात काय होतं. माझा मेहुणा युनियनचं काम करतो, त्याला हे अजिबात पटत नाही, तो म्हणतो शपथ घेताना असं काही सांगितलं होतं का त्याने, आणि क्लून्सच्या मुद्द्यावर मी गप्प बसतो.

मंत्री म्हणून काय केलं?

व्हिक्टोरियाचा मुख्यमंत्री ग्रॅहम बेरी, त्याच्या सरकारांत व्यापार आणि कस्टम खातं सांभाळलं, १८७५ मध्ये आणि मग १८७७ ते १८८०. हे सरकार वादळी होतं, वरच्या सभागृहाने पैसे अडवले म्हणून ८ जानेवारी १८७८ ला बेरीने न्यायाधीशांसकट दोनशेवर सरकारी माणसं एका फटक्यात घरी पाठवली. यापलीकडे फार सांगण्यासारखं नाही, कस्टम खात्यात काय रोमांच असणार.

आणि स्पीकर?

१८८० ते १८८७. सदस्य त्याला वचकून असायचे आणि मानायचेही, एका हाताने सभागृह चालवायचा असं गंमतीने म्हणता येईल पण खरंच तसं होतं. 'सर' ही पदवी दोनदा नाकारली. तब्येत ढासळली म्हणून १८८७ मध्ये पद सोडलं, सभागृहाने ४ हजार पाउंड दिले. शेवटची वर्षं वाईट गेली, मुलगी गेली, त्याच १८८७ मध्ये अ‍ॅलिशिया गेली, आणि ९ फेब्रुवारी १८८९ ला मेलबर्नच्या रिचमंडमध्ये डॉक्टर मुलाच्या घरी तो वारला. वय ६२.

पुढच्या पिढीचं काय?

नातू कॅप्टन जोसेफ पीटर लॉलर. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला, नियमात बसत नसताना घरची तलवार बरोबर घेऊन, आणि त्याच दिवशी मारला गेला. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढताना.

बॅलरॅटला गेलो तर काय बघायचं?

युरेका सेंटरमध्ये मूळ झेंडा, अंधाऱ्या खोलीत ठेवलाय. बऱ्याच ठिकाणी कापड नाही, कारण लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले. माझी आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, शिवण हाताची आहे, टाके बघ किती बारीक. सोव्हरिन हिलला पोरांना सोनं चाळायला मिळतं, टिकलीच्या ठिपक्याएवढा कण सापडला तरी पोरं नाचतात.

आणि स्टर्ट स्ट्रीटवर लॉलरचा पुतळा आहेच. लोक बंदूकधारी क्रांतिकारक शोधत फिरतात आणि समोरून निघून जातात, कारण पुतळ्याच्या अंगावर स्पीकरचा झगा आहे. मी आता आधीच सांगतो, वकिलासारखा दिसणारा माणूस शोधा. आणि जूनमध्ये येणार असाल तर जाड स्वेटर घ्या, मेलबर्नपेक्षा तिथे बरीच जास्त थंडी असते, मामांना मागच्या वर्षी सांगून ऐकलं नाही आणि अर्ध्या वेळ ते गाडीतच बसले.